‘हा आमचा कामगारच नाही’: नोकरीचे नाते नाकारून पगार अडवला, तर पहिल्या अर्जापासून हायकोर्टापर्यंत काय करायचे

थकलेल्या पगारासाठी कामगाराने अर्ज केला की कंपनीच्या कैफियतीत पहिल्याच पानावर एक वाक्य हमखास येते : ‘अर्जदार व सामनेवाले यांच्यात मालक-नोकर असे नाते कधीही नव्हते व नाही.’ कामगार ठेकेदाराचा होता, नाहीतर कमिशनवर होता, नाहीतर शिकाऊ होता, नाहीतर ‘कन्सल्टंट’ होता. आठ वर्षे एकाच मशीनवर उभा राहिलेला माणूस हे वाचून भडकतो आणि वकिलाला म्हणतो, ‘साहेब, सगळ्या गावाला ठाऊक आहे.’ गावाला ठाऊक असून भागत नाही. त्या एका वाक्यामुळे पैशाचा साधा दावा नात्याचा दावा होतो, अर्ज चुकीच्या दारात असेल तर तिथेच फेटाळला जातो, आणि बरोबर दारात असला तरी प्रकरण वरच्या कोर्टांत जाणार हे जवळजवळ ठरून जाते.

म्हणून अपिलाची तयारी निकालानंतर सुरू होत नाही, पहिला अर्ज लिहिताना सुरू होते. वरची कोर्टे नवे साक्षीदार ऐकत नाहीत, खालच्या कोर्टाची फाइल वाचतात. त्या फाइलमध्ये जे नाही ते तुमच्या आयुष्यात कितीही खरे असले तरी हायकोर्टासाठी नाहीच.

पुढचे सगळे मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी कारखाने, दुकाने, महामंडळे आणि महापालिकांमधल्या कामगारांना धरून आहे. शाळा-कॉलेजच्या कर्मचाऱ्यांसाठी शाळा किंवा विद्यापीठ-महाविद्यालय न्यायाधिकरण आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) अशी वेगळी दारे आहेत, त्यांत इथे शिरत नाही.

आधी दोन मागण्या वेगळ्या करा

बहुतेक कामगार एकाच अर्जात दोन गोष्टी मागतात : ‘मी कंपनीचा कायम कामगार आहे असे जाहीर करा’ आणि ‘माझे थकलेले पैसे द्या’. माझ्या मते सगळ्यात जास्त वर्षे इथे वाया जातात. पहिला प्रश्न अवघड आहे, पुराव्याचा आहे, आणि तो ठरवायचा अधिकार ठरावीक न्यायालयांनाच आहे. दुसरा प्रश्न पुष्कळदा पहिल्याशिवाय सुटतो.

कसा, ते पाहा. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या आवारात काम चालते त्या कंपनीने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) मध्ये होती. तीच जबाबदारी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेतही ठेवली आहे. म्हणजे कंपनीने ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ असे म्हटले की पगाराच्या दाव्यापुरती ती सुटत नाही, उलट तिने स्वतःच आपली जबाबदारी दाखवून दिलेली असते.

तेव्हा पगाराच्या अर्जात ठेकेदार आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. पण भाषा जपून वापरा. ‘मी ठेकेदाराचा कामगार आहे’ असे सरळ लिहून मोकळे झालात, तर पुढे नात्याच्या दाव्यात हेच वाक्य उलटतपासणीत तुमच्यासमोर धरले जाईल. असे लिहा : ‘अर्जदार हा सामनेवाले क्र. १ कंपनीचाच कामगार आहे. या हक्काला बाधा न आणता, आणि पर्यायाने, ठेकेदार मध्ये असल्याचे सामनेवाले म्हणत असले तरी मूळ मालक म्हणून थकीत वेतनाची जबाबदारी सामनेवाले क्र. १ यांचीच आहे.’ वाक्य लांबलचक आहे, पण दोन्ही दारे उघडी ठेवते.

या वाटेने मिळते ते ठरलेले किंवा किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, बेकायदा कपात. कायम कामगारांइतका पगार, कायमपणा, परत कामावर घेणे या वाटेने मिळत नाही. त्यासाठी नात्याचाच दावा लढावा लागतो.

दार निवडताना

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्याआधीचे वेतन कायदे वेतन संहितेत आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेला. म्हणून या मजकुरात जुनी-नवी दोन्ही नावे येतील. सध्या कोर्टांत चालू असलेली बहुतेक प्रकरणे जुन्या कायद्याखालची आहेत, आणि नात्याबद्दलचे निकालही त्याच काळातले आहेत. तुमची घटना कोणत्या तारखेची, यावर कोणता कायदा हे ठरेल. अर्ज लिहिण्याआधी ती तारीख वकिलाला किंवा युनियनच्या माणसाला पहिली सांगा.

पगाराच्या दाव्याचे दार वेतन संहितेखालचा प्राधिकारी. मुदत ३ वर्षे. आधी वेतन प्रदान कायद्यात १२ महिने आणि किमान वेतन कायद्यात ६ महिनेच होती, त्यामुळे ही मोठी सुधारणा आहे. दाव्याच्या रकमेच्या १० पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणखी एक तरतूद कामगाराच्या बाजूची आहे : पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तुम्ही काम केले हे मात्र तुम्हालाच दाखवावे लागते. आणि या संहितेत ‘कर्मचारी’ या शब्दात व्यवस्थापकीय कामाची माणसेही येतात, म्हणून सुपरवायझर किंवा मॅनेजरलाही हे दार खुले आहे. औद्योगिक विवादाचे दार त्यांना बहुधा बंद असते. सुपरवायझरसाठी जुनी पगारमर्यादा महिना १०,००० होती, नव्या संहितेत १८,००० झाली.

आता खड्डे.

पहिला खड्डा औद्योगिक विवाद कायद्याचे कलम ३३क(२), ज्याला कोर्टात सगळे ‘थर्टीथ्री सी टू’ म्हणतात. मालकाकडून येणे असलेली रक्कम मोजून घेण्याचा हा सोपा अर्ज. पण हे दार आधीच ठरलेल्या किंवा मान्य असलेल्या हक्काची आकडेमोड करण्यासाठी आहे, हक्क आहे की नाही हे ठरवण्यासाठी नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये हे स्पष्ट केले. २०२२ मध्ये बॉम्बे केमिकल इंडस्ट्रीजच्या निकालात तर नेमका आपला प्रश्न होता : मालक म्हणतो हा आमचा माणूसच नाही. कोर्टाने सांगितले, नाते वादात असेल तर ३३क(२) खाली कामगार न्यायालयाला तो वाद सोडवता येत नाही. खाली जिंकलेला आदेश वर जाऊन पडला.

दुसरा खड्डा खास महाराष्ट्राचा, आणि त्यात मोठमोठ्या युनियन पडल्या आहेत. १९७१ चा एमआरटीयू अँड पीयूएलपी कायदा, म्हणजे अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा आपला राज्याचा कायदा. कामगारांना तो आवडतो, कारण सरकारच्या परवानगीशिवाय थेट तक्रार करता येते, कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मिळतो. तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करायची असते. पण १९९५ च्या कॅलिको प्रकरणापासून सुरू झालेली आणि २००१ मध्ये कल्याणी स्टील्स व सिप्ला या दोन निकालांनी पक्की झालेली भूमिका अशी : ठेकेदाराच्या कामगाराला ‘ठेका खोटा आहे, मी कंपनीचाच’ असे म्हणायचे असेल तर आधी ते नाते औद्योगिक विवादाच्या मार्गाने ठरवून आणावे, ते निर्विवाद झाल्याशिवाय किंवा त्यावर वाद घालणेच शक्य नाही अशी स्थिती असल्याशिवाय या कायद्याखाली तक्रार चालत नाही. वर्षानुवर्षे अंतरिम आदेशावर कामावर राहिलेले कामगार अशा निकालांमुळे एका दिवसात बाहेर आले.

मग हे दार कोणासाठी? ज्यांना थेट मालकाने रोजंदारी, बदली (दुसऱ्याच्या जागी) किंवा हंगामी म्हणून ठेवले आहे आणि मालक नाते नाकारत नाही, फक्त कायमपणा देत नाही, त्यांच्यासाठी. चौथ्या अनुसूचीतली ६ क्रमांकाची बाब नेमकी यावर बोट ठेवते : कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे. रीतसर भरतीशिवाय घेतलेल्यांना सरकारी नोकरीत कायमपणाचा हक्क नाही, असे सांगणाऱ्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर सरकारी संस्थांचे वकील प्रत्येक प्रकरणात तो निकाल पुढे करू लागले. तेव्हा २००९ मध्ये एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायमपणा देण्याचा अधिकार उमादेवीने काढून घेतलेला नाही. महापालिकेच्या रोजंदारी कामगाराने हा निकाल पाठ करून ठेवावा. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई व माळीकाम करणाऱ्यांच्या प्रकरणात, उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळ राबलेल्यांना हाकलणे चूक आहे, असे सुप्रीम कोर्टाने आणखी कडक शब्दांत म्हटले आहे.

गोव्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावे, हा महाराष्ट्राचा कायदा आहे, गोव्याला लागू नाही. तिथे केंद्रीय कायद्याचीच वाट.

ठेका खोटा असल्याचा दावा असेल तर ती वाट अशी : कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे मागणीपत्र, तिथे तडजोड फिसकटली की निवाड्यासाठी न्यायालय. जुन्या कायद्यात सामूहिक वाद सरकारने ‘रेफरन्स’ करून पाठवावा लागे. तिथेच फाइल धूळ खात पडे. नव्या संहितेत समेट अधिकाऱ्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत पक्षकार स्वतः न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कामावरून काढलेल्या एकट्या कामगाराला समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाण्याची सोय २०१० पासूनच आहे. तिची बाहेरची मुदत मात्र जुन्या कायद्यात काढल्यापासून ३ वर्षे होती, नव्यात २ वर्षे झाली. ‘तीन वर्षे आहेत ना’ म्हणून निवांत बसू नका.

एकाच मागणीसाठी दोन्ही दारे ठोठावता येत नाहीत. एमआरटीयू कायद्याचे कलम ५९ त्यासाठीच आहे.

नाते कशाने ठरते

कागदावरच्या नावाने नाही, हे सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. १९५६ च्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या निकालात मिठागरावरचे अगरिया होते. ते स्वतःच्या कुटुंबाला आणि मदतनिसांना घेऊन काम करत, मोबदला मिठाच्या मापावर मिळे. कंपनी म्हणाली, हे तर स्वतंत्र ठेकेदार. कोर्टाने पाहिले की वाफ्याच्या आखणीपासून मीठ पसंत-नापसंत करण्यापर्यंत कंपनीची देखरेख आहे, आणि त्यांना कामगार ठरवले. १९७३ मध्ये हैदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसमधले शिंपी. नगावर पैसे, यायची-जायची ठरलेली वेळ नाही, काही जण कपडे घरी नेत. तरी मशिन दुकानाची, जागा दुकानाची, शिवण चुकली तर उसवून परत शिवायला सांगण्याचा हक्क दुकानाचा. कोर्टाने त्यांना नोकर मानले. १९७८ मध्ये कालिकतच्या दोरखंड कारखान्यातल्या प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांनी अजून पुढे जाऊन विचारले की कामगाराचे पोट कोणाच्या हातात आहे. मधला ठेकेदार बाजूला केला आणि खरा मालक दिसला, तर तोच मालक.

हे तिन्ही निकाल कामगारांच्या प्रत्येक युक्तिवादात असतात. पण फक्त तेवढेच वाचून कोर्टात जाणे धोक्याचे आहे, कारण वारा नंतर बदलला. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालाने, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, हे सांगून १९९६ चा एअर इंडियाचा कामगारांना अनुकूल निकाल पुसून टाकला. ठेका खोटा, निव्वळ पडदा आहे असे औद्योगिक न्यायालयापुढे सिद्ध झाले तरच नाते जुळते. २०१४ मध्ये एअर इंडियाच्या कॅन्टीन कामगारांच्या प्रकरणात कसोट्यांची यादीच दिली गेली : नेमणूक कोण करते, पगार कोण देते, काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा, शिस्तभंगाची कारवाई कोण करते, कामात सातत्य आहे का, आणि नियंत्रण-देखरेख किती व कोणाची. ते कामगार हरले.

तुमचा दावा या सहा प्रश्नांभोवती लिहा, आणि प्रत्येकाच्या उत्तराला एक तरी कागद जोडा. ‘कंपनीचा सुपरवायझर काम सांगायचा’ हे एकटे वाक्य कमी पडते. ठेकेदाराच्या माणसाला कंपनीने काम दाखवणे यात कोर्टाला फारसे वावगे दिसत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याने रजा मंजूर केली, मेमो दिला, मुलाखत घेतली, पगारवाढ ठरवली, ठेकेदार तीनदा बदलला पण माणसे, मशिन आणि हजेरी क्रमांक तेच राहिले : या गोष्टी वजनदार ठरतात. शेवटची तर विशेष. ठेकेदार येतात-जातात आणि कामगार तसाच राहतो, तेव्हा ठेकेदार नावापुरता आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

फाइल बांधताना

नाते सिद्ध करण्याचा भार पहिल्यांदा कामगारावर. वर्षात २४० दिवस काम केल्याचा (सलग सेवा धरण्यासाठी ते लागतात) भारही कामगारावर, आणि नुसते शपथपत्र पुरत नाही, हे २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले. पण २००५ मध्ये आर. एम. येल्लट्टी निकालाने त्याला व्यवहारी वळण दिले : कामगाराने पिंजऱ्यात येऊन साक्ष द्यावी, जवळ असलेले कागद द्यावेत, आणि मस्टर व पगारपत्रक मालकाकडे असल्याने ते हजर करण्याची मागणी करावी. मागूनही मालकाने ते दिले नाहीत तर कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकते.

त्यामुळे दस्तऐवज हजर करण्याचा अर्ज ही औपचारिकता नाही. तो लेखी द्या, कोणत्या काळाचे कोणते रजिस्टर हे नेमके लिहा : हजेरीपट, पगारपत्रक, गेट रजिस्टर, ठेकेदाराची बिले, ठेक्याचा करार, ठेकेदाराचा परवाना. त्या अर्जाला निशाणी क्रमांक (कोर्टाने फाइलमधल्या कागदाला दिलेला नंबर) पडला आणि त्यावर आदेश झाला याची खात्री करा. तोंडी मागणी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारीखवार नोंदीत, येत नाही, आणि रोजनाम्यात नाही ते अपिलात नाही.

तुमच्या हाती काय असू शकते? पीएफचे यूएएन पासबुक, त्यात महिन्यागणिक कोणत्या आस्थापनेने भरणा केला ते दिसते. ईएसआयचे कार्ड. बँकेचा उतारा. गेटपास, बसपास, कॅन्टीनची कुपने, सेफ्टी ट्रेनिंगचे प्रमाणपत्र, दिवाळीच्या बोनसचे पाकीट, लॉगबुकवरची तुमची सही, सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे शिफ्टचे निरोप. मोबाइल बदलण्याआधी हे निरोप जपा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. कामगार न्यायालये पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेली नाहीत हे खरे, पण प्रमाणपत्र जोडलेले असले की वरच्या कोर्टात एक वाद कमी.

मालक महापालिका, महामंडळ किंवा सरकारी कंपनी असेल तर माहितीचा अधिकार वापरा. ठेक्याचा करार, बिलांसोबतची कामगारांची यादी, मंजूर पदे आणि रिक्त पदे या चार गोष्टी मागा. १० रुपयांच्या अर्जावर जे कागद हाती येतात ते पुढे दहा साक्षीदार देऊ शकत नाहीत.

पैशांचा हिशोब गोळाबेरीज करू नका, महिनावार तक्ता करा. समजा रोज ६०० रुपये, ८ तासांचे काम, म्हणजे तासाला ७५. जादा कामाचा दर दुप्पट, १५०. रोज २ तास जादा आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२ तास, म्हणजे ७,८०० रुपये. १४ महिन्यांचे १,०९,२००. प्रत्येक महिन्यासमोर पुराव्याचा निशाणी क्रमांक लिहा. हा तक्ता साक्षीत सिद्ध करून घ्या. उलटतपासणीत त्यावर एकही प्रश्न आला नाही, तर अपिलात तेच तुमच्या बाजूचे मोठे वाक्य होते.

उलटतपासणीबद्दल एक सांगतो. ‘तुम्हाला पगार ठेकेदार देत होता, बरोबर?’ या प्रश्नाला घाबरून ‘नाही’ म्हणणारे पुष्कळ. पासबुकात ठेकेदाराचे नाव असते आणि साक्षीदार खोटा पडतो. ‘हो, खात्यावर ठेकेदाराच्या नावाने यायचा, पण हजेरी कंपनीचा टाइमकीपर घ्यायचा आणि पगार त्यावरून निघायचा’ हे उत्तर खरेही आहे आणि उपयोगाचेही.

वकिलाची फी परवडत नाही? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली औद्योगिक कामगार मोफत विधी सेवेला पात्र आहे, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोकही. तालुका, जिल्हा आणि हायकोर्ट तिन्ही पातळ्यांवर समित्या आहेत. कामगारांना हे कोणी सांगत नाही.

निकाल विरुद्ध गेला : पहिला आठवडा

प्रमाणित नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करा. निकालाबरोबर सगळ्या निशाण्या, साक्षी आणि रोजनाम्याचीही नक्कल मागा. मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेले दिवस सहसा वगळले जातात, पण अर्ज करायला तुम्ही लावलेले दिवस नाहीत.

मग निकाल दोनदा वाचा. एकदा राग म्हणून, एकदा पेन घेऊन. दुसऱ्या वाचनात समासात फक्त तीन खुणा करा : कोणता पुरावा कोर्टाने पाहिलाच नाही, कोणता निष्कर्ष कोणत्याही पुराव्याशिवाय काढला, आणि कायद्याचा कोणता प्रश्न चुकीचा सोडवला. तुमच्या अपिलाचे मुद्दे यांतूनच येणार आहेत.

कुठे जायचे

वेतन संहितेखालच्या प्राधिकाऱ्याच्या आदेशावर अपील आहे : ९० दिवसांत, एक दर्जा वरच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. हे खरेखुरे अपील आहे, पुराव्यावरही बोलता येते, म्हणून इथे कंजुषी करू नका.

ग्रॅच्युइटीच्या आदेशावरचे अपील ६० दिवसांत, त्यावर आणखी ६० दिवस सवलत मिळू शकते. मालकाला अपील करायचे तर रक्कम आधी भरावी लागते.

एमआरटीयू कायद्याखाली कामगार न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध औद्योगिक न्यायालयात कलम ४४ खाली रिव्हिजन. औद्योगिक न्यायालयाच्याच आदेशाविरुद्ध असेल तर थेट हायकोर्ट.

औद्योगिक विवादातल्या निवाड्यावर, ज्याला सगळे अवॉर्ड म्हणतात, अपीलच नाही. लोकांना हे पटत नाही, पण तसेच आहे. हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ (हायकोर्टाचा रिट काढण्याचा अधिकार) आणि २२७ (खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार) खाली रिट याचिका करावी लागते. रिटला कायद्याने आखलेली मुदत नाही, पण उशिराचा खुलासा मागितला जातो, आणि दोन-तीन वर्षांनी गेलेला कामगार हक्क असून रिकाम्या हाती परततो. ९० दिवसांच्या आत दाखल करण्याचा नेम ठेवा.

मुंबई हायकोर्टात जाताना कोणत्या पीठाकडे, हेही पाहा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच, ज्याच्याकडे कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे आहेत. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आता मुंबई गाठावी लागत नाही.

एकल न्यायाधीशांनी याचिका फेटाळली तर? याचिका खऱ्या अर्थाने २२६ खालची असेल तर दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे लेटर्स पेटंट अपील, मुदत ३० दिवस. निव्वळ २२७ खालची असेल तर ते अपील नाही, सरळ सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. शीर्षकात दोन्ही अनुच्छेद टाकले म्हणून भागत नाही. मजकूर आणि मागणी पाहून कोर्ट ठरवते. म्हणून याचिका लिहितानाच वकिलाला हा प्रश्न विचारा.

रिट याचिकेत काय लिहायचे आणि काय नाही

हायकोर्ट पुराव्याचे नव्याने वजन करत नाही. दोन मते शक्य असतील आणि खालच्या कोर्टाने एक घेतले असेल, तर ते तसेच राहते. हस्तक्षेप होतो तो चार कारणांनी : अधिकारक्षेत्र नसताना आदेश, बाजू मांडू न देता आदेश, विकृत निष्कर्ष, आणि तोंडावर दिसणारी कायद्याची चूक. ‘विकृत’ म्हणजे कोणताही समजदार माणूस त्या पुराव्यावर तिथे पोचला नसता असा.

म्हणून ‘खालच्या कोर्टाने पुरावा नीट पाहिला नाही’ हे वाक्य खोडून टाका. त्याऐवजी : ‘निशाणी २७ वरील रजेच्या अर्जावर सामनेवाले कंपनीच्या व्यवस्थापकाची मंजुरी आहे, साक्षीदाराने उलटतपासणीत ती सही कबूल केली, निकालात या दस्तऐवजाचा उल्लेखच नाही.’ असे तीन-चार मुद्दे पंधरा मोघम मुद्द्यांपेक्षा जड असतात. सुरुवातीला तारखांची यादी द्या, एक पानात बसेल अशी. न्यायाधीशांच्या बोर्डावर त्या दिवशी ढिगाने प्रकरणे असतात. पहिले पान वाचून प्रकरण समजले पाहिजे.

सगळी मागणी एकाच गोष्टीवर उभी करू नका. निकाल रद्द करा ही मुख्य मागणी; पर्यायाने, अमुक निशाण्या विचारात घेऊन फेरनिर्णयासाठी परत पाठवा. फेरसुनावणी म्हणजे परत दोन वर्षे, हे कबूल, पण पराभवापेक्षा बरी.

जिंकलात तर सावध राहा

कामगाराच्या बाजूने अवॉर्ड झाला की कंपनी हायकोर्टात स्थगिती मागायला जाणार हे धरून चाला. संबंधित पीठाकडे कॅव्हेट दाखल करून ठेवा. ते ९० दिवस टिकते, मग परत करा. त्यामुळे तुमच्या पाठीमागे एकतर्फी स्थगिती होत नाही.

स्थगिती मिळालीच, तर दोन गोष्टी मागा. थकीत रक्कम कोर्टात जमा करण्याची अट, आणि तिच्यातला काही भाग काढून घेण्याची परवानगी. कामावर परत घेण्याचा अवॉर्ड असेल तर तिसरी : औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब खाली, प्रकरण हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात असेपर्यंत शेवटचा पगार दरमहा. त्यासाठी आपण दुसरीकडे नोकरीत नाही असे शपथपत्र द्यावे लागते. नव्या संहितेनेही हा हक्क ठेवला आहे. एमआरटीयू कायद्याखालच्या आदेशाला हे कलम आपोआप लागते असे धरू नका, तिथे हायकोर्टाला वेगळी विनंती करावी लागते.

त्या शपथपत्रात खोटे लिहू नका. पोटासाठी हातगाडी लावली असेल, शेतमजुरी केली असेल, तर ते सांगा आणि ती पगाराची नोकरी नव्हे हे मांडा. मागच्या पगाराबद्दल २०१३ च्या क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने क्रम घालून दिला आहे : बेकायदा काढलेल्याने आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर होतो असे आधी म्हणायचे, त्यानंतर तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. पुष्कळ अर्जांत हे पहिले वाक्यच नसते, आणि जिंकूनही मागचा पगार निम्म्यावर येतो. दावा दाखल करतानाच ते लिहा, साक्षीतही म्हणा.

दरम्यान कंपनी तडजोड सुचवील. रक्कम बरी असेल तर नाक मुरडू नका, विशेषतः निवृत्ती जवळ आली असेल तर. पण ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ अशी पुरसिस (कोर्टात द्यायचे लेखी निवेदन) सही करण्याआधी त्यात पीएफचा फरक, ग्रॅच्युइटी आणि सेवेचा कालावधी लिहून घ्या. चेक वटल्यावरच प्रकरण निकाली काढण्याची पुरसिस द्या.

आणि शेवटचा आदेश हातात आला तरी पैसे आपोआप येत नाहीत. वसुलीचा वेगळा अर्ज करायचा असतो : औद्योगिक विवादात ३३क(१) किंवा त्याची नव्या संहितेतली जागा, एमआरटीयूमध्ये कलम ५०. त्यावर दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. दाखला तहसील कचेरीत पोचला की तिथल्या टेबलावर कंपनीचा चालू पत्ता, बँक खाते आणि मालमत्तेचा तपशील तुम्हीच नेऊन द्या, कारण तलाठ्याला कंपनीचे खाते कोणत्या बँकेत आहे हे माहीत असण्याचे काही कारण नाही. पगार ज्या खात्यातून येत होता त्या खात्याचा क्रमांक तुमच्या पासबुकाच्या उताऱ्यावर बहुधा सापडतो.